हीण कोठें जातें?

मराठी भाषेला नीतीचे शब्द ज्या धंद्यांनीं पुरविले, त्यांत सोनाराच्या धंद्याचा मान पहिला धरावा लागेल. मनुष्य चांगला असला तर बावनकशी, वाईट असला तर हिणकस. त्याची पारख व्हावयाची ती कसोटीवर, आणि दुःखांतून तो निभावला म्हणजे तावून-सुलाखून निघाला असें आपण म्हणतों. कीर्तनांतून, व्याख्यानांतून आणि आम्हां अध्यापकांच्या निरोपसमारंभांतून तर हें सोनें इतक्या वेळां अग्नींत घातलें गेलें आहे कीं, तें अद्याप शिल्लक कसें राहिलें याचेंच नवल वाटावें. या सर्व रूपकांत सोनें असतें, अग्नि असतो, क्वचित् फुंकणी धरलेला सोनारही असतो. एक वस्तु मात्र कोठेंच नसते, आणि शुद्धीचें खरें काम जी करते ती नेमकी हीच वस्तु होय. अग्नि हीण जाळून टाकतो अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. हीण नाहींसें होत नाहीं. तें दुसरीकडे जातें. तें कोठें जातें हा प्रश्न आम्हांस वयाची पन्नाशी उलटून गेल्यावर प्रथम पडला, आणि तोही एखादा ग्रंथ वाचून पडला असें नाहीं.

गेल्या वैशाखांत आम्हांस बारामतीहून इंदापुरास जावें लागलें. आमच्या आत्या तेथें वर्षापूर्वीं वारल्या होत्या. त्यांच्या मागें राहिलेली थोडी चांदी होती: तोड्यांचा एक जोड, लहान मुलाचे वाळे, कंबरपट्ट्याचे तुटके दुवे, दोन वाट्या आणि एक चेपलेलें फुलपात्र. ती मोडून येईल तो पैसा गांवांतल्या एका मुलीच्या शिक्षणास द्यावा असें त्या सांगून गेल्या होत्या. निरेच्या डाव्या कालव्याचें पाणी या मुलखांत १८८५ च्या सुमारास आलें, तेव्हांपासून कालव्याच्या अंगाला ऊस आणि पाणी न पोहोंचलेल्या माळावर बाभळी, असा या वाटेचा देखावा आहे. आमच्या लहानपणीं उसापेक्षां बाभळीच अधिक दिसत. बाभळींचा हा उल्लेख वाचकांनीं लक्षांत ठेवावा, पुढें तो उपयोगीं पडणार आहे.

सराफानें चांदी हातांत घेऊन पाहिली, पण तींत तांबें किती हें नुसत्या नजरेनें सांगवेना. म्हणून त्यानें आम्हांस मागच्या गल्लींतल्या गलाईवाल्याकडे धाडलें. सोनें-चांदी गाळून शुद्ध करण्याचा हा गलाईचा धंदा सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागांतल्या, विशेषेंकरून खानापूर व आटपाडी या तालुक्यांतल्या माणसांनीं भारतभर नेला आहे. पाऊस ज्यांना शेतीवर जगूं देईना तीं माणसें परमुलखांतल्या सराफपेठांच्या मागच्या बोळांत भट्ट्या मांडून बसलीं. आमचा गलाईवाला तिशीचा तरुण होता. त्याच्या वडिलांची भट्टी कोइमतुरास होती, आणि तो स्वतः तेथेंच हें काम शिकला होता. बहुतेक काम आतां तेजाबानें होतें, परंतु सोनारांच्या दुकानांतल्या केराची झाराची माती किंवा असली जुनी मिसळीची चांदी आली म्हणजे आपण वडिलांच्याच रीतीनें शिसें घालून ती राखेंत उतरवितों, असें त्यानें सांगितलें. आम्हीं बसून पाहण्याची परवानगी मागितली. “बसा की सर, पण वाऱ्याच्या वरल्या अंगाला बसा,” तो म्हणाला.

लोखंडी पाटींत पांढरी राख ओलवून, दाबून, मधोमध पसरट खळगा केलेला होता. त्यांत चांदी ठेवली, तिच्यावर शिशाचे तुकडे टाकले आणि भोंवतीं कोळसे रचून पंखा सोडला. थोड्या वेळांत सर्वांचा मिळून एक मळकट रस झाला. त्याच्या पृष्ठावर तेलाच्या तवंगासारखे रंग उठत, सरकत कांठाशीं जात आणि तेथें राखेंत नाहींसे होत. गोळा लहान लहान होऊं लागला. बराच वेळ असा गेला. आणि मग शेवटचा तवंग फाटून आंतून एकाएकीं असा लख्ख उजेड झाला कीं आम्ही दचकून मागें सरलों. खळग्याच्या तळाशीं चांदीची निर्मळ गोळी होती. पांढऱ्या राखेचा मात्र पिवळसर-हिरवट, दगडासारखा कठीण थर झाला होता.

“आणि तांबें कोठें गेलें?” आम्हीं विचारलें.

“ह्यातच बसलंय की, सर. तांबं पण आणि शिसं पण. जड झालीय बघा केवढी.” त्यानें निवालेल्या राखेचा एक खापा कागदांत गुंडाळून आमच्या हातावर ठेवला. खरोखरच तो आकाराच्या मानानें फार जड होता.

“आणि जें राखेंतही बसलें नाहीं तें?”

तो हंसला. “ते धुरात गेलं म्हणायचं. आणि धूर कुठं जातोय? आमच्याकडंच ऱ्हातोय.” वडील आतां कोठें असतात असें विचारलें, तेव्हां ते गांवीं असतात, त्यांचे हात थरथरतात, काम होत नाहीं, एवढेंच तो बोलला आणि पुन्हां पंख्याकडे वळला.

घरीं आल्यावर आम्हीं या विषयावरील कांहीं वाचन केलें. या राखेच्या वाटीस इंग्रजींत क्यूपेल म्हणतात. मूस आणि क्यूपेल या एकमेकींच्या उलट वस्तु आहेत. मुशीनें आंतला थेंबही बाहेर जाऊं द्यावयाचा नसतो; क्यूपेल ही मुद्दाम सच्छिद्र केलेली असते. जनावरांचीं हाडें जाळून पांढरी राख करावयाची, ती कुटून, किंचित् ओलवून सांच्यांत दाबावयाची आणि सावकाश वाळवावयाची, ही तिची जुनी रीत. अलीकडे मॅग्नेशियाच्याही वाट्या निघाल्या आहेत. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. वाऱ्यांतील प्राणवायूशीं त्याचा संयोग झाला म्हणजे मुरदाडशिंग बनतें, आणि तें ८८८ अंशांस पातळ होतें. हा पातळ पदार्थ तांब्यासारख्या हलक्या धातूंचीं भस्में आपल्यांत विरघळवून घेतो आणि टीपकागदांत शाई शिरावी तसा वाटीच्या अंगांत शिरतो. सोनें आणि चांदी यांचें तसें भस्म होत नाहीं, आणि त्यांचा रस राखेला धरतही नाहीं. तो आपल्याच ताणानें गोळा होऊन वर राहतो. हाडांच्या राखेची वाटी साधारणतः स्वतःच्या वजनाइतकें मुरदाडशिंग पिते. एकदां प्यालेली वाटी पुन्हां त्या कामास येत नाहीं.

हें ज्ञान आपल्याकडे फार जुनें आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत सुवर्णाध्यक्ष, कसोटी आणि सोनारांच्या लबाड्या यांचा विचार आहे. तेथें चांदी शुद्ध करण्यास चौथा हिस्सा शिसें घालावें असें सांगितलें असून, पुढें सतरा वेळां करावयाच्या शुद्धीचा जो क्रम दिला आहे त्यांत पहिले चार प्रसंग ‘अस्थितुत्था’चे आहेत. या शब्दाच्या अर्थाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. तथापि त्यांतील अस्थि म्हणजे हाड, हें लपत नाहीं. अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरींतली रीत याहून स्पष्ट आहे: जमिनींत खळगा करावा, त्यांत थोडें शेण पसरावें, वर बाभळीच्या लांकडाची राख भरून ती ओली करून ताटलीसारखी घडवावी, आणि त्या ताटलींत हिणकस चांदी व शिसें ठेवून भात्यानें फुंकावें. शुद्धीची खूण म्हणून विजेसारख्या चकाकीचा उल्लेखही तेथें आहे. इंदापूरच्या बोळांत ज्या चकाकीनें आम्ही दचकलों ती चारशें वर्षांपूर्वीं अकबराच्या टांकसाळींतही पाहिली गेली होती, आणि तिच्याखालची राख आमच्या माळावरल्या झाडाची होती.

चौदाव्या अध्यायांतला एक शब्द मात्र आमच्या मनांतून जाईना. सोनार गिऱ्हाइकाच्या सोन्यांतून चोरी कसकशी करतो याची यादी देतांना कौटिल्यानें ‘मूकमूषा’ नांवाचें एक साधन सांगितलें आहे. ती फसवी बूड असलेली मूस, असा अर्थ करतात. वरून पाहणाऱ्यास कांहीं दिसत नाहीं. जें गेलें तें खालच्या पोकळींत गेलेलें असतें, आणि मूस बोलत नाहीं. कौटिल्याच्या मतें ही चोरांची मूस. परंतु ज्याला आपण घर म्हणतों, कचेरी म्हणतों, प्रतिष्ठित समाज म्हणतों, त्याच्या बुडाशीं अशी एकादी मुकी जागा केलेली नसते काय?

हा प्रश्न विचारतांना आम्हांस प्रथम आत्यांची आठवण झाली. त्यांस फार लवकर वैधव्य आलें आणि त्या भावाच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या घरीं राहिल्या. आमचे वडील शांत स्वभावाबद्दल तालुक्यांत प्रसिद्ध होते. कचेरींत त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नाहीं. आम्हीं ऐकला होता. तो रोज सायंकाळीं स्वयंपाकघराच्या दिशेनें चढे. आमटी खारट झालेली असे, किंवा झालेली नसे, पण कारण आत्याच असत. आई कधीं मध्यें पडत नसे, कारण तिचेंही दिवसभरांतलें कांहीं ना कांहीं तेथेंच जाऊन पडलेलें असे. आम्हां मुलांच्या हातून भांडें फुटलें तर तें आत्यांच्या नांवावर फुटे, आणि त्या आम्हांस डोळ्यांनीं गप्प राहण्याची खूण करीत. वडील वारले तेव्हां त्यांच्या शांतीचें गुणवर्णन करणारीं चार भाषणें झालीं. आत्या आंत चहाचीं भांडीं विसळीत होत्या.

हें एका घरापुरतें झालें. आपल्या समाजांत सोवळेंपणाची जी प्रचंड व्यवस्था शेंकडों वर्षें चालली, तिचा हिशेब याहून वेगळा नाहीं. कोणी तरी डोक्यावरून मैला वाहून नेत होता म्हणून दुसरा कोणी तरी स्नान करून शुचिर्भूत होत होता. आणि जो वाहून नेत होता त्यालाच अशुद्ध ठरविण्यांत आलें. कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं स्वतः भंगीकामास हात घालून हा हिशेब उलटा करण्याचा प्रयत्न केला. १९९३ सालीं आणि पुन्हां २०१३ सालीं या प्रथेविरुद्ध कायदे झाले. पहिल्यानें भागलें नाहीं म्हणून दुसरा करावा लागला, यावरून मुकी मूस किती पक्की घडविलेली असते याची कल्पना यावी.

कांट या जर्मन तत्त्वज्ञानें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असा नियम सांगितला आहे कीं, मनुष्यास केवळ साधन म्हणून कधींही वापरूं नये. हा नियम आम्ही गेलीं तीस वर्षें वर्गांत शिकवीत आलों आहों, आणि फळ्यावर तो आम्हांस निर्विवाद वाटतो. अडचण अशी कीं, ज्यास आपण साधन केलें आहे तो आपल्या दृष्टीआड असतो. गोळीकडे पाहणाऱ्याचें लक्ष राखेकडे जात नाहीं. याचा पुरावा आम्हांस दूर शोधावयास नको.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका परीक्षेचे आम्ही मुख्य परीक्षक होतों. एका गठ्ठ्यांतील गुणांच्या बेरजा चुकल्या. त्या तपासून पाहिल्याची सही आमची होती, आणि ती आम्हीं न तपासतां केली होती. कांहीं विद्यार्थ्यांचें वर्ष वांयां जाण्याची वेळ आली. चौकशी झाली, निकाल सुधारला गेला. परंतु दोष कोणाचा हें कागदावर यावयास हवें होतें, आणि तें तात्पुरत्या नेमणुकीवरच्या एका लेखनिकाच्या नांवावर आलें. आम्हीं त्याचें नांव सांगितलें नव्हतें. आम्हीं कांहींच सांगितलें नाहीं. आम्ही स्वस्थ बसलों. पुढच्या वर्षीं त्याची नेमणूक झाली नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरीस काटेकोर परीक्षक म्हणून आमचा सत्कार झाला, आणि त्या प्रसंगीं आमची तुलना कोणत्या धातूशीं केली गेली हें वाचकांस सांगावयास नकोच.

पुढें कांहीं वर्षांनीं आम्हीं त्याचा शोध केला. दौंडास एका दुकानीं तो हिशेब लिहीत होता. आम्ही गेलों, आणि जें बोलावयाचें तें बोलावयास सुरुवात केली. पण त्यानें तें पुरें होऊं दिलें नाहीं. “जाऊं द्या सर, झालं तें झालं,” म्हणून त्यानें चहा मागविला, मुलांची चौकशी केली, आणि निघतांना स्टेशनापर्यंत सोबत आला. परततांना गाडींत आम्हांस फार हलकें वाटलें. त्या हलकेपणाचा आम्हांस अभिमानही वाटला. आमचें ओझें आम्हीं त्याच माणसावर दुसऱ्यांदा टाकलें होतें, हें इंदापुरास तो राखेचा खापा हातांत घेईपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

येथें कोणी आक्षेप घेईल, आणि तो घेण्यासारखा आहे, कीं राखेवांचून शुद्धि नाहीं हें तुम्हीच सांगितलेंत; मग आम्हीं सर्वांनीं हिणकस राहावें काय? दुसऱ्याचें दुःख, दुसऱ्याचा राग, दुसऱ्याची चूक आपल्या अंगांत जिरवून घेणें हा तर सद्गुण आहे. आईपासून संतांपर्यंत सर्वांची थोरवी त्यांतच आहे. हें आम्हांस मान्य आहे. समुद्रमंथनांत निघालेलें हलाहल शंकरानें प्राशन केलें तें याच जातीचें कर्म होय. परंतु त्या कथेंत दोन गोष्टी आहेत ज्या आमच्या कथेंत नाहींत. देव त्याच्याकडे गेले, त्यांनीं त्याची प्रार्थना केली आणि त्यानें स्वेच्छेनें तें घेतलें, ही एक. आणि त्या विषाची खूण त्याच्या कंठावर सर्वांस दिसेल अशी राहिली, त्याचें नांवच नीलकंठ पडलें, ही दुसरी. आमच्या आत्यांस कोणी विचारलें नव्हतें. लेखनिकास तर कळविलेंही गेलें नव्हतें. नेमणुकीच्या यादींत नांव नसणें हेंच कळविणें. (अमृत पिण्याच्या वेळीं देवांनीं शंकरास बोलाविलें कीं नाहीं, याची चौकशी आम्हीं कोणा पुराणिकाकडे केलेली नाहीं.)

आणखी एक गोष्ट गलाईवाल्यानें सांगितली नव्हती, ती पुढें वाचनांत आली. २०२१ सालच्या जून महिन्यापासून देशांतील २५६ जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची सक्ती झाली. दागिन्यावर ९१६ हा आंकडा उमटतो, म्हणजे हजारांत ९१६ भाग सोनें. आणि निर्णायक परीक्षा अद्यापही क्यूपेलचीच आहे. सोन्याचा लहानसा तुकडा चांदीसह शिशाच्या पत्र्यांत गुंडाळून वाटींत उतरवितात, मागें राहिलेली गोळी ठोकून, लाटून तिची पट्टी करतात, नत्राम्लांत चांदी विरघळवितात, आणि उरलें तें तोलतात. परंतु वाटी केवळ हीणच पिते असें नाहीं. हिणाबरोबर सोन्याचांदीचाही अल्पसा अंश तिच्या अंगांत जातो. म्हणून जाणता पारखी एकट्या नमुन्यावर विश्वास ठेवीत नाहीं. त्याच भट्टींत, त्याच वेळीं, ज्याची शुद्धता आधींच ठाऊक आहे असें सोनें शेजारच्या वाटींत ठेवतो, आणि त्याची तूट किती आली यावरून आपल्या उत्तराची दुरुस्ती करतो. सोन्याची परीक्षा करणाऱ्यास आपल्या वाटीचीही परीक्षा करावी लागते.

आमची तूट आम्हांस अंदाजानें ठाऊक आहे. त्या चौकशीनंतर परीक्षेंत नक्कल करतांना एकादा विद्यार्थी सांपडला तर त्यास दोन शब्द सुनावतांना आमचा पूर्वीचा आवाज लागत नाहीं. सहकाऱ्यांस वाटतें, वयोमानानें आम्ही मवाळ झालों. आत्यांच्या घरांतही असेंच कांहीं तरी गेलें असलें पाहिजे. कारण वडिलांच्या शांत स्वभावाची जितकी कीर्ति बाहेर होती तितकी जवळीक त्यांची आम्हां भावंडांत कोणाशींच नव्हती.

चांदीचा पैसा त्या मुलीस पोहोंचता केला. गलाईवाल्यानें मजुरीखेरीज कांहीं घेतलें नाहीं, आणि राखेचा खापा आम्हीं मागून घेतला. वास्तविक त्यांतलें शिसें काढून ते पुन्हां वापरतात, पण एवढ्यासाठीं तो आम्हांस नाहीं म्हणाला नाहीं. आम्हीं तो टेबलावर कागद दाबण्यासाठीं ठेविला होता. चार दिवसांनीं सूनबाईंनीं तो काय आहे म्हणून विचारलें. शिसें आहे असें ऐकतांच त्यांनीं तो टेबलावर ठेवण्यास साफ मनाई केली. घरांत तीन वर्षांचा नातू आहे, आणि तो हातांत येईल तें तोंडांत घालतो. त्यांचें म्हणणें खरें होतें. मग परसांत पुरावा म्हटलें तर तेथें कढीलिंब व आळू आहे. कालव्यांत टाकावा तर तें पाणी पुढें इंदापुराकडे जातें. कचऱ्याच्या गाडीवरच्या बाईस द्यावा, असें घरांतून सुचविण्यांत आलें. ती बाई हातमोजे घालीत नाहीं. सध्यां तो एका पत्र्याच्या डब्यांत झांकण घट्ट लावून, कपाटाच्या माथ्यावर, जेथें कोणाचा हात पोहोंचत नाहीं अशा जागीं ठेवलेला आहे.